स्वयंपाकघरामागचं तळं

गुरुदत्त माशांवरचा विद्वान होता आणि त्याने जन्मात मासा चाखला नव्हता. पुण्यातल्या त्याच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत उकडलं जायचं. असा हा गृहस्थ ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीत घर घेऊन अकरा वर्षं मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या मत्स्यतळ्यांवर पुस्तक लिहीत होता. कुठलं तळं कधी उपसलं, कुठल्या बिशपला किती मासे गेले, सगळं तोंडपाठ!

त्याची बायको नीलिमा भंडाऱ्याची. तिच्या काकांचा उभा जन्म ठेक्याच्या तलावात मासे वाढवण्यात गेला. पण घरात माशांवर बोलायचा मक्ता गुरुदत्तचा. जमीनदारांच्या स्वयंपाकघरामागे आणखी एक छोटं तळं असायचं, तो निव्वळ श्रीमंतीचा तोरा, असं त्याने पुस्तकात ठासून लिहिलं होतं.

"अरे, तोरा कसला? पकडलेला मासा चार दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवतात. नाहीतर चिखलाचा वास मारतो," नीलिमा म्हणाली होती.

"नीलू, प्लीज! हे थर्टीन्थ सेंच्युरी इंग्लंड आहे, तुमचं भंडारा नाही."

यंदा त्याचं युनिव्हर्सिटीतलं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ते वाढावं म्हणून त्याने मोठा घाट घातला. एका शेतावरचं तळं जुन्या पद्धतीने उपसायचं, मासे थेट ताटात आणि ताटावर विभागप्रमुख हेलनबाई.

त्या दिवशी स्वारी पांढरे हातमोजे घालून काठावर उभी. चिखलात उतरले ते विद्यार्थी. मासे घमेल्यातून सरळ तव्यावर गेले. हेलनबाईंनी एक घास घेतला आणि नॅपकिन तोंडाशी नेला.

"ही चव अशीच असायची का?" त्यांनी विचारलं.

बिचाऱ्या गुरुदत्तला काय ठाऊक! माशांच्या बाबतीत लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने बायकोकडे पाहिलं. तिला त्याची कीव आली. चार दिवस, स्वच्छ पाणी, उपास, सगळं तिने सांगून टाकलं.

"म्हणजे ते छोटं तळं यासाठी होतं!" हेलनबाई खूश झाल्या. "गुरु, हे तुझ्या पुस्तकात आहे?"

"ऑफ कोर्स. माझा मुख्य मुद्दाच तो आहे," गुरुदत्त बेधडक म्हणाला.

कॉन्ट्रॅक्टसाठी नीलिमा तेवढंही गिळणार होती. पण तिच्याकडे न बघताच तो पुढे म्हणाला, "तिला मीच समजावलं होतं."

"नाही," नीलिमा म्हणाली. "पुस्तकात त्या तळ्याला शो-ऑफ म्हटलंय. पान एकशे बारा. प्रुफं मीच वाचलीत."