न्हाणीतल्या माश्या आणि आत्याबाईंची मडी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई शरणम्मा. उदगीरच्या मोंढ्यात सासऱ्यांमागं वीस वर्षं डाळीचं दुकान एकटीनं चालवलं, पण कुणाला एक दाणा कमी मापला न्हाई. तेवढीच कडक त्यांची मडी, म्हणजे सोवळं. अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा झाल्याबिगर पोटात कण जाणार न्हाई. अंघोळीच्या पाण्यात काही पडलं की अंघोळ बाद, पूजा बाद, जेवण बाद. वय पंच्याहत्तर, त्यात साखरेचा आजार. पण सांगणार कोण?

आणि न्हाणीत माश्या झाल्या. इवल्याशा, राखाडी, पंखांवर लव. उडायच्या कमी, भिंतीला चिकटून बसायच्या जास्त, पण बादली भरली की एक पाण्यात पडायचीच मेली! दोन दिवस आत्याबाई उपाशी. उपाशीपोटी गोळी चालत न्हाई, म्हणून तीबी बंद. त्या भिंत धरून चालायला लागल्या, मला काळजी लागली.

"मंजुश्री, पिंपातलं पाणीच किडलंय," आत्याबाई म्हणाल्या.

"पिंपाला झाकण हाय! तुम्ही साबण सोडून डाळीचं पीठ लावून न्हाता, ते मोरीत सडून राहिलंय!" मी तडकले. दोन दिवस उठता-बसता हेच ऐकवत होते. फिनेल ओतलं, तरी दुसऱ्या दिवशी माश्या हजर.

शेवटी मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावली, गोंदाची बाजू खाली. तासाभरानं बघते तर पाच माश्या खालून चिकटलेल्या. "बघा! मोरीतनंच येतात!" मला लई जिंकल्यासारखं वाटलं. लगेच नळाचं काम करणाऱ्या तय्यबभाईंना बोलावलं.

त्यांनी जाळी उचकटली, आतला काळा बुळबुळीत गोळा अंगणात टाकला. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. "फिनैल उप्पर से जाता भाभी, घर तो इनका अंदर है," म्हणत पाइप ब्रशनं घासला, उकळतं पाणी ओतलं. मग बादली भरली, तर एकबी माशी पडली न्हाई. आत्याबाई न्हाल्या, ओलेत्यानंच पूजेला निघाल्या.

तेवढ्यात अंगणात हत्यारं आवरता आवरता तय्यबभाईंनी काडीनं गोळा उलगडला. "पीठ-बीठ कुछ नै. फडकं हाय. यात अडकून सगळं सडलं. किसने घुसाया?"

जांभळ्या फुलांचं फडकं. माझ्या जुन्या गाऊनचं. झुरळं येतात म्हणून दिवाळीआधी मीच कोंबलं होतं आणि साफ विसरले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आत्याबाईंनी फडकं ओळखलं. माझ्याकडं बघितलं.

"मीच कोंबलं, बाबा," त्या तय्यबभाईंना म्हणाल्या. "म्हातारपणी ध्यानात राहत न्हाई."

तय्यबभाई गेले. मी मान खाली घालून ताट वाढायला वळले, तर आत्याबाई परत न्हाणीच्या दारात.

"आता काय झालं?"

"मडीत खोटं बोलले की गं," त्या म्हणाल्या. "आणखी एक बादली भर."