नोंदणीकाकांची यादी

अमेरिकेतल्या बेकारीचा आकडा टीव्हीवर आला की नोंदणीकाका खुर्चीतून उठून उभे राहायचे. संध्याकाळी सहाच्या बातम्या लागलेल्या असायच्या, मांडीवर भाजलेल्या शेंगांची ताटली असायची. ती ताटली बाजूला ठेवून, हात पाठीमागे बांधून, ती बातमी संपेपर्यंत ते उभे. त्यांची नात ओरडायची, "आजोबा, सिट डाउन, आय कान्ट सी!" काका जरा सरकायचे, पण बसायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे, तिकडं एवढी माणसं रांगेत उभी आहेत. त्यांची बातमी आपण बसून ऐकायची?"

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून ते हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं बेकारांची नावं नोंदवायची, कार्डं रिन्यू करायची आणि जागा निघाली की नंबराप्रमाणे कॉल पाठवायचा, एवढंच काम. त्यांची मुलगी वर्षाताई ऑकलंडला फार्मसिस्ट. तिच्याकडे ते सहा महिन्यांसाठी आले होते. माउंट रॉस्किलला पुढं तिचं घर आणि मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको मंगल, भाड्यानं. ड्राइव्हवे एकच, त्यामुळे रोज एकमेकांची तोंडं दिसणारच. मंगल रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स, तिच्या परमिटवर मी आलेलो. माझं शिक्षण नववी, तीही पुरती नाही. येत होतं ते वेल्डिंग. काका आता नाहीत, आणि मला लिहायची सवय नाही. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर ते मीच लिहायला हवं.

ईस्ट टामाकीतल्या ज्या कारखान्यात मी होतो, तिथं बोटींना लागणाऱ्या स्टीलच्या शिड्या बनायच्या. बहुतेक माल अमेरिकेला जायचा. दोन हजार नऊच्या जूनअखेरीस, इथल्या थंडीत, तो जायचा थांबला आणि एका शुक्रवारी आम्हा चौदा जणांना हात मिळवून घरी पाठवलं. मी घरी येऊन डबा धुतला आणि तसाच बसून राहिलो. मंगलला सातवा महिना होता. तिचं काम थोड्या दिवसांत थांबणार होतं. त्याआधी मला काही मिळालं नाही, तर सामान बांधून परत शेवगावला जायचं, एवढं आमचं ठरलं होतं. त्यावर आम्ही परत बोललो नाही.

काका मागच्या दारातून आले, चप्पल बाहेर काढली आणि मला समजावून सांगितलं. "तिकडचा माणूस घर गहाण टाकून बोट घेतो. घर गेलं, तर बोट गेली. बोट गेली, तर शिडी गेली. आणि संपत, त्या शिडीवर तू उभा होतास." माझं काम कुणी घेतलं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मला बरं वाटलं असं नाही. पण कळलं.

अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांवर त्यांचा राग नव्हता, फक्त एका शब्दावर होता. रस्ते बांधू, पूल बांधू, नोकऱ्या निर्माण करू, असं कुणी टीव्हीवर म्हणालं की काका चिडायचे. "निर्माण करायला हे काय ब्रह्मदेव लागून गेले? एखाद्याचं काम त्याच्या दोन हातांना उरकेनासं होतं, मग तो तिसरा हात शोधतो. त्याला नोकरी म्हणतात. सरकारनं फार तर हात कुठं रिकामा आहे ते सांगावं." जावई मिलिंदराव हसून म्हणायचे, "बाबा, मार्केट आपोआप सावरतं." "सावरतं हो. पण तोवर रांगेतल्यानं काय खायचं? मार्केट?" अमेरिकेचं खरं दुखणं त्यांच्या मते वेगळंच होतं. तिथं कामावरून काढताना नंबर नाही आणि घेतानाही नाही. "आपल्याकडे जागा नसायच्या, पण रांग खरी असायची," म्हणायचे.

तर त्यांनी इथंही रांग लावली. टू डॉलर शॉपमधून एक वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि रविवारी मराठी मंडळी हॉलवर जमायची तिथं कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. कुणी भेटलं की नमस्काराआधी विचारायचे, "नाव नोंदवलंत का?" पोरं चेष्टा करायची. एकजण म्हणाला, "काका, इथं सगळं ऑनलाइन असतं." काका म्हणाले, "असेल. ऑनलाइनला तुझं तोंड दिसतं का?" त्यानं मुकाट्यानं नाव सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी शिक्षणापाशी अडखळलो. त्यांनी वर न बघता 'नववी' लिहिलं, आणि पुढं मोठ्या अक्षरांत 'वेल्डिंग, बारा वर्षे'. "शिक्षणाचा रकाना मी अरुंदच आखलाय," म्हणाले. माझा नंबर सात.

पुढच्याच महिन्यात मिलिंदरावांची नोकरी गेली. त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत, तिथून फोन आला आणि दहा मिनिटांत संपलं. मग एका संध्याकाळी आमच्यादेखत सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, माझंही नाव घाला." काकांनी वही काढली. "घरचे म्हणून वर घेणार नाही हं, मिलिंदराव." "नका घेऊ," ते हसत म्हणाले. नंबर आठ. वर्षाताई ओट्यापाशी होती. तीसुद्धा हसली.

हिवाळा संपेपर्यंत पहिले सहा नंबर एकेक करून खोडले गेले. कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं, कुणी गावी परतलं, एकाला साफसफाईचं काम लागलं. मग एका मंगळवारी सकाळी काका आमच्या दारात आले. मफलर, स्वेटर, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. "कपडे कर. ईस्ट टामाकीत नळ-फरश्यांचं गोदाम आहे. कोपऱ्यावरचे दुकानदार, डेअरीवाले रमेशभाई आहेत ना, त्यांचा भाऊ तिथं मॅनेजर. एक माणूस हवाय." मी गेलो. मॅनेजरनं हात बघितले, पाठीचं काही दुखणं आहे का विचारलं आणि सोमवारपासून ये म्हणाला. मंगल त्या दिवशी रडली. मी कॅलेंडरवर सोमवारभोवती गोल केला.

कामाच्या तिसऱ्या दिवशी दहाच्या चहाला, इथं त्याला स्मोको म्हणतात, मॅनेजर माझ्या शेजारी येऊन बसला. फिजीतली माणसं ही, हिंदी बोलणारी. म्हणाला, "आपके ससुरजी बडे सीधे आदमी हैं. दुकान पे रोज आते हैं. भाईने खुद उनको बोला, दामादजी घर बैठे हैं, भेज दो." माझे सासरे शेवगावला, पानाची टपरी चालवतात. त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवली.

संध्याकाळी काका ड्राइव्हवेवर वाकून गवत उपटत होते. मी म्हटलं, "काका, ते काम मिलिंददादांसाठी होतं?"

"काम कुणासाठी नसतं. जागा असते. सातनंतर आठ."

"पण रमेशभाईंनी तर जावयाला पाठवा म्हणून..."

"म्हणाले ना. मी म्हटलं, माणूस पाठवतो." गवताची मूठ त्यांनी बादलीत टाकली. "माझा सख्खा भाऊ माझ्याच ऑफिसात अकरा वर्षं कार्ड रिन्यू करत होता. त्याला कॉल गेला नाही. त्याच्यापुढं माणसं होती. त्याच्या मुलीच्या लग्नाला बोलावलं मला, आणि अक्षता पडल्यावर म्हणाला, जेवायला थांबू नका. थांबलो नाही."

"मी सोडतो काम," मी म्हणालो. म्हणताना मला ठाऊक होतं की ते नको म्हणतील. म्हणूनच म्हणालो असेन.

"सोड. तुझ्या बायकोला सांगून सोड," काका म्हणाले आणि पुन्हा वाकले.

वर्षाताईला शनिवारी कळलं. डेअरीत दूध आणायला गेली, तर रमेशभाईंनी तिचं अभिनंदन केलं, साहेबांना काम कसं वाटतंय विचारलं. ती परत आली आणि पुढच्या घरातला आवाज आमच्यापर्यंत आला.

"घरातल्या माणसाला नंबर लावलात, बाबा?"

"घरातल्यालाच लावावा लागतो. बाहेरच्याला लावायला काय लागतं?"

"माझ्या एकटीच्या पगारावर हे घर चाललंय. महिनाभर मी ताणतेय, तुम्हाला दिसत नाही? अमेरिकेतल्या लोकांसाठी उभे राहता ना रोज? आमच्यासाठी कधी उभे राहणार?"

मंगलनं टीव्ही लावला. आम्ही दोघं त्याकडे बघत बसलो. काय चाललं होतं ते आठवत नाही.

त्यानंतर वर्षाताई माझ्याशी बोलली नाही. पण मंगलच्या लोहाच्या गोळ्या संपायच्या आत नवीन बाटली आमच्या पायरीवर ठेवलेली असायची. सप्टेंबरात आम्हाला मुलगी झाली, तेव्हा पायरीवर डिंकाच्या लाडवांचा डबाही आला. दार वाजलं नाही. मी रोज सकाळी कामावर जाताना त्यांच्या खिडकीवरून मान खाली घालून जायचो. तिथं मिलिंदराव लॅपटॉप उघडून बसलेले असायचे. कामावर मॅनेजर विचारायचा, "ससुरजी ठीक?" मी म्हणायचो, ठीक. सवय होते.

काकांनी तिकीट दीड महिना अलीकडे आणलं. वर्षाताईची ड्यूटी होती, किंवा तिनं लावून घेतली. विमानतळावर मिलिंदरावांनी गाडी नेली, बॅगा उचलायला मी. काकांनी जाताना वही मला दिली नाही, काही उपदेश केला नाही. चेक-इनच्या रांगेत एक बाई मध्ये घुसली, तिला "मॅडम, लाइन" म्हणाले आणि आत गेले. वळून बघितलं नाही.

परतताना मोटरवेवर मिलिंदरावांनी विचारलं, "काम कसं आहे?"

"बरं आहे."

"फोर्कलिफ्टचं लायसन्स काढून घे. मग कुणी हलवणार नाही तुला."

मला गप्प राहता आलं नाही. "दादा, तिथं ते मला काकांचा जावई समजतात. मी नाही म्हणालो नाही."

त्यांनी आरशात पाहिलं, सिग्नल दिला, लेन बदलली. मग म्हणाले, "मग सासऱ्यांना अधूनमधून फोन करत जा. माझ्याच्यानं सध्या व्हायचा नाही, आणि वर्षा तर करणारच नाही."

मी करू लागलो. रविवारी दुपारी बारा वाजता कॉलिंग कार्ड खरवडायचं. तिकडं पहाट असायची, पण काका उठलेले असायचे. ते अमेरिकेबद्दल बोलेनासे झाले होते. फोन उचलला की पहिला प्रश्न, "मिलिंदरावांचं लागलं का कुठं?" नाही म्हटलं की मग माझी मुलगी, मंगल, थंडी. वर्षाताईबद्दल ते विचारायचे नाहीत. मी सांगायचो. आज तिचा आवाज आला, आज तिनं कपडे वाळत घातले, असलं काहीबाही. ते ऐकून घ्यायचे.

नोकरी गेल्याच्या आठव्या महिन्यात मिलिंदरावांना वेलिंग्टनकडे नोकरी लागली. कुणी पाठवलं नव्हतं, त्यांनी स्वतः अर्ज केला होता. मी सांगितलं तेव्हा काकांनी गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग काका म्हणाले, "संपत, वर्षाला विचारतोस का? मी फोन केला तर उचलेल का म्हणून."

मी पुढच्या दारानं गेलो, तिथं राहायला आल्यापासून पहिल्यांदा. ती वेलिंग्टनजवळ लोअर हटला नेण्याचं सामान भरत होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांना टेप लावत होती. मी काकांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तिनं टेप दातांनी तोडली, चिकटवली, हातानं घासून घासून सारखी केली.

"रविवारी करा म्हणावं," ती म्हणाली. "दुपारी बाराला. तेव्हा मी घरी असते."

मी काकांना तसं कळवलं. त्यानंतर रविवारी बाराला मी फोन केला नाही.