मागच्या सीटवर माई, मोबाईलवर गुलाबी आभाळ

पंधरा दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, मी आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर होते आणि माझीच गाडी मला आत घेत नव्हती. आत एक्क्याऐंशी वर्षांच्या माई होत्या... आदल्याच दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या. राग शांत झाला की लिहीन म्हटलं होतं. होत नाहीये, म्हणून लिहितेच.

माई म्हणजे माझी मैत्रीण सुमन जाधव हिची आई. सुमन म्हसळ्याला शिक्षिका आहे, तिला त्या दिवशी रजा मिळेना. मी थळला राहते, रिटायर्ड आहे, गाडी इलेक्ट्रिक. अलिबागच्या हॉस्पिटलमधून माईंना घरी पोचवायचं मी आपणहून अंगावर घेतलं.

गाडीचं ॲप भाच्याने, निखिलने, फोनवर घालून दिलंय. फोन जवळ आला की दार उघडतं, लांब गेला की लागतं. "मावशी, ते चावीचं कार्ड कशाला बाळगतेस? ॲपचा लूक बघ!" मी लूक बघितला आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. ही चूक माझी... ती मी कुणावर ढकलणार नाही.

जेटीवर रांगेत असताना फोनने ॲप परस्पर अपडेट केलं. मला पत्ताच नाही. बोट सुटल्यावर खारे शिंतोडे नकोत म्हणून मी काचा वर केल्या, माईंना मागे बसू दिलं आणि पाण्याची बाटली आणायला वरच्या डेकवर गेले.

खाली आले तर दारं लागलेली. फोन काचेला टेकवला, हँडलला टेकवला... ढिम्म.

ॲप उघडलं. गुलाबी आभाळ, त्याखाली माझी गाडी... चकचकीत, गोल गोल फिरणारी. आणि अगदी तळाशी, पांढऱ्यावर पांढरं म्हणावं इतक्या फिकट अक्षरांत, पुन्हा लॉगिन करा. त्यासाठी ओटीपी यायला हवा, आणि खाडीच्या मध्यावर रेंजचा ठिपका नाही.

आतून माई दाराची कडी ओढत होत्या. उघडेना. कारण आदल्या रविवारी निखिलची मुलगी मागे बसली होती, तेव्हा ॲपमधून चाइल्ड लॉक लावलेलं, ते तसंच राहिलं. ॲपमध्ये त्याची खूण म्हणजे एका बाळाचा हसरा चेहरा. लॉक चालू असलं तरी बाळ हसतं, बंद असलं तरी हसतं. शब्द एक नाही!

माई हलल्या तशी गाडीला वाटलं चोर शिरला. हॉर्न सुरू झाला. एसी बंद, काचा बंद, डोक्यावर ऊन... माईंच्या कपाळावरचा घाम मला बाहेरून दिसत होता.

मी तीस वर्षं एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये काढली. तिथे धोक्याचं बटण मोठं, लाल आणि हाताखाली असायचं. ते भिंतीच्या रंगाला शोभतं का, असं कुणी विचारलं नाही. कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, अक्षर मोत्यासारखं नंतर काढ, आधी उत्तर बरोबर लिही. हे ॲप करणाऱ्यांना असं कुणी भेटलंच नाही का?

मी स्क्रीनवर बोटं घासत होते. बाजूला मासळीच्या पाट्या घेऊन बसलेली एक कोळीण उठून आली.

"ओ बाय, फोनमधली गाडी काय फिरवतेस? म्हातारी हिकडं हाय, खऱ्या गाडीत!"

मी फोन पर्समध्ये टाकला आणि मदतीसाठी खलाशांना हाका मारल्या.

एक खलाशी लोखंडी पहार घेऊन आला. मी म्हटलं, फोड पुढची काच. त्याने हात उगारला आणि कोळणीने तो वरच्यावर धरला. "थांब रं मेल्या! कालच डोला कापलाय तिचा. काचा उडतील त्याचं काय?"

तिने आत डोकावून बघितलं. माईंच्या मांडीवर त्यांची काठी होती, वाकड्या मुठीची. चाइल्ड लॉक फक्त मागच्या दारांना असतं, पुढचं दार आतून उघडतं... हे मला माहीत होतं, पण वाकायची मनाई असलेल्या माईंना मी पुढे कशी पाठवणार? काठी मला दिसलीच नाही. हॉर्नमध्ये बोललेलं ऐकू जाईना. कोळणीने आपली छत्री उलटी धरली, काचेसमोर पुढे सरकवली आणि मूठ अडकवून ओढल्यासारखं केलं. एकदा, दोनदा, तीनदा.

माईंनी एका डोळ्याने नीट बघून घेतलं. मग काठी दोन सीटच्या मधून पुढे घातली. एकदा मूठ सुटली. दुसऱ्यांदा कडीत बसली... आणि दार उघडलं.

पदर भिजून चिंब झाला होता. दोन घोट पाणी पिऊन माई म्हणाल्या, "रागीट हाय गो तुझी गाडी. मी जराशी हलले तं केवढी वरडली!"

दिघीला रेंज आली, ओटीपी आला. चाइल्ड लॉक काढण्याआधी मला नव्या लूकची चार चित्रं बळेच दाखवण्यात आली. मग प्रश्न... नवा लूक कसा वाटला? पाचपैकी किती तारे?

कंपनीला सविस्तर मेल लिहिली. उत्तर आलं की माझं मत मोलाचं आहे, आणि आभाळाचा रंग सेटिंगमध्ये बदलता येतो.

परवा सुमनचा फोन आला. पट्टी निघाली, माईंना छान दिसतंय. त्या कोळणीचं नाव हिराबाई. उतरताना मी हात जोडले तर म्हणाली, "हात कसले जोडतेस, बांगडे घे." घेतले. तिचे आभार मानावेत तेवढे थोडे.

आणि हे ॲप ज्यांनी केलं त्यांना एकच सांगणं. आपापल्या आईला मागच्या सीटवर बसवा, काचा लावा, आणि भर उन्हात या बोटीवर या. आभाळाला रंग कोणता द्यायचा, ते मग ठरवा.