वाडीची नर्स

निघाले त्या सकाळी बाबा मला पिशवीसकट देवळात घेऊन गेले. दाभोळच्या खाडीकाठची आमची वाडी. कुणी बाहेरगावी निघालं की आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि मग एसटी पकडायची. गुरवकाकांनी बाबांच्या सांगण्यावरून देवाला सांगितलं, ‘बा म्हाराजा, ही लेक पुन्याच्या मोठ्या इस्पितळात नर्स म्हनून चाललीय, तिला यश दे.’ जमलेले सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा.’ मीही म्हणाले. खरं तर मी एका ब्यूरोतर्फे म्हातारी माणसं सांभाळायला चालले होते. बाबांनी जरा वाढवून सांगितलं होतं, एवढंच. पण देवापुढे बोललेलं मागे कोण घेणार?

पुण्यात माझी बारा तासांची ड्यूटी असते. एका आजींची अंघोळ, डायपर, मऊ भात, आणि डबीत भरून ठेवलेल्या गोळ्या वेळेवर देणं. गोळ्या कसल्या, ते त्यांची सून बघते. सुट्टीत गावी गेले की मात्र मी ‘आमच्या हॉस्पिटलात’ अशी सुरुवात करायचे. ओटीवर बायका जमायच्या, आपापलं दुखणं सांगायच्या आणि मी ऐटीत सल्ले द्यायचे. मला ते आवडायचं. तुमच्यातही कुणी बाहेर राहत असेल, तर गावात मोठं होण्याची ही चटक त्याला ठाऊक असेल.

गेल्या वर्षी मासळी साफ करताना आईच्या बोटाला शिंगाळ्याचा काटा लागला. तिला साखरेचा आजार आहे. फोनवर मी म्हटलं, गरम पाण्यात धर, एक दुखण्याची गोळी घे, उतरेल. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. हात मनगटापर्यंत सुजलाय, पण आई दापोलीला डॉक्टरकडे यायला तयार नाही. म्हणते, माझी लेक नर्स आहे, डॉक्टर मला वेगळं काय सांगणार.

मी व्हिडिओ कॉल केला. बोट काळंनिळं पडलं होतं. आई हसून म्हणाली, “तू सांगितलंस तसंच करत्ये गो बाय.” आपल्या थापेने आई मरेल, एवढं एकच डोक्यात होतं.

“आये, मी नर्स नाय,” मी म्हटलं. “मी म्हाताऱ्या मानसांचं हगणंमुतणं काढते. मला यातलं काय कळत नाय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा.”

मला वाटलं, आता आई शिव्या देईल. तिने हळू आवाजात विचारलं, “मग शेजारच्या शेवंतीला बीपीच्या गोळ्या बंद कर म्हनालीस, ते कुनाला इचारून?”

मला असं काही सांगितल्याचं आठवतही नव्हतं.

आईचा हात वाचला, एक बोट गेलं. शेवंतीमावशीच्या गोळ्या वहिनीने त्याच दिवशी पुन्हा सुरू करवल्या. आता फोनवर मला कुणी काही विचारत नाही. पण इतक्या वर्षांत ओटीवर किती जणी येऊन गेल्या, कुणाला मी काय सांगितलं, आणि त्यातलं कोण काय अजून तसंच करतंय, हे मला आठवत नाही. पूर्वी घरची आठवण आली की रडू यायचं. आता घरून फोन आला की उचलायच्या आधी मला धडकी भरते, की आज कुणाचं नाव ऐकायला मिळणार.