कलम त्रेचाळीस आणि हसनाबादचे पाहुणे

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका माणसाला अटक केली. तो निर्दोष होता, ही एक किरकोळ बाब सोडली तर अटक अगदी कायदेशीर होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जालन्याला खोली करून कायदा शिकत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत टेंभुर्णीला घरी आलो होतो. फौजदारी कायदा नवानवा अंगात भिनला होता. त्याचा त्रास मला सोडून सगळ्यांना होत होता. शेजाऱ्यांची शेळी आमच्या अंगणातली मेथी खाऊन गेली तेव्हा माय काठी घेऊन धावली, तर मी तिला अडवून सांगितलं की गुन्ह्याला उद्देश लागतो आणि शेळीला उद्देश नसतो. तोवर शेळीने उरलेली मेथीही संपवली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते त्या दिवशी मायला एवढंच म्हणाले, की याच्यापेक्षा पोरगं नापास होऊन घरी बसलं असतं तर बरं होतं.

माझी धाकटी बहीण सुनंदा हिला बघायला त्याच सुट्टीत हसनाबादची मंडळी येणार होती. मुलगा मास्तर, घरचं शेत, माणसं भली. याआधी दोन ठिकाणी जुळत आलेलं मोडलं होतं, म्हणून घरात सगळे जरा धास्तावलेले. मंडळी यायच्या आदल्या दिवशी अण्णा बाजाराला गेले होते. माय शेजारी चांगल्या कपबशा मागायला गेली होती. सुनंदा आत चिवडा करत होती, आणि मी ओट्यावर दंडसंहिता वाचत बसलो होतो.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस हंबरली. जाऊन बघतो तर एक अनोळखी माणूस आमच्या म्हशीचा दोर खुंट्यावरून सोडून तिला चालवत होता. धोतर, पांढरी टोपी, पिकलेल्या झुपकेदार मिशा. आणि म्हैस त्याच्यामागे निमूट चालली होती. (मला ती वैरण टाकतानाही शिंग दाखवायची.)

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. मी कलम आठवलं. वस्तू मालकाच्या संमतीशिवाय जागची हलली की चोरी पूर्ण होते, आणि घरातली चोरी अजामीनपात्र. गोठा हा घराचा भाग होतो का, यावर मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला आणि निकाल माझ्या बाजूने दिला. मग पुढे होऊन म्हणालो, “फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम त्रेचाळीसप्रमाणे मी तुम्हाला अटक करून राह्यलो.”

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “बापू, म्हशीच्या पायात दोर गुतल्ता, म्हणून...”

“काही बोलू नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती तुमच्यावर न्हाई.”

“आरं पण मी हसनाबा...”

“गावाचं नाव तर बिलकुल सांगू नका. त्याच्यानं तुमचंच नुकसान होईल.”

आरोपीच्या हक्कांची इतकी काळजी त्या तालुक्यात तोवर कोणी घेतली नसेल. तो तोंड उघडायचा आणि मी त्याच्या भल्यासाठी ते बंद करायचो. शेवटी त्याने म्हशीला परत खुंट्याला बांधलं, आणि मी बोट दाखवताच कडब्याच्या खोलीत जाऊन बसला. गुन्हेगार इतक्या सहजी आत गेला, हा मी माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव समजलो. बाहेरून कडी लावली, तिथूनच सुनंदाला हाक मारून लक्ष ठेवायला सांगितलं आणि चौकी गाठली. अटक केलेला माणूस विनाविलंब पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो.

चौकीतले हवालदार जेवण उरकून पान जमवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हैस कुठंय विचारलं. मी म्हणालो, गोठ्यात. चोर कुठंय? तोही आमच्याकडेच, कडब्याच्या खोलीत.

“मंग वकीलसाहेब, चोरीला गेलं काय?”

मी त्यांना चोरीची व्याख्या उदाहरणांसह समजावली. त्यांनी सुस्कारा टाकून टोपी घातली. व्याख्या आणखी ऐकण्यापेक्षा चालत जाणं त्यांना परवडलं असावं. वाटेत मी आरोपीचं वर्णन सांगत होतो आणि ते मान हलवत होते.

इतक्यात समोरून अण्णा आले, हातात पिशव्या, कपाळाला घाम. त्यांना बाजारात निरोप मिळाला होता. मुलाचे वडील जाफराबादला कामाला आले होते आणि जाता जाता आजच आपलं घर बघायला येणार होते. अण्णांनी मला विचारलं, “पाव्हणे आल्ते का घरी? धोतर, पांढरी टोपी. मिशा पिकल्यात.”

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. मग हवालदारांनीच अण्णांना सांगितलं, की पाहुणे आलेत आणि त्यांची राहायची सोयही झाली आहे.

अण्णांनी पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि ते धोतर सावरून पळायला लागले. अण्णांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सुनंदाचं ठरतं लग्न मी कलम लावून मोडलं, एवढं मात्र मला तेव्हा कोणत्याही पुस्तकाशिवाय कळलं.

घरी पोचलो तर कडब्याच्या खोलीचं दार सताड उघडं. पाहुणे आत कडब्याच्या पेंढीवर बसून बशीतून चहा पीत होते आणि सुनंदा उंबऱ्यावर बसून हसत होती. तिने मी गेल्या गेल्या कडी काढली होती. पण पाहुणेच बाहेर यायला तयार नव्हते. पोराच्या डोक्यात काही बिघाड दिसतोय, तो येऊन आपल्याला मोकळं बघेल तर आणखी भडकेल, असं त्यांचं म्हणणं. आत जातानाही ते त्याच भीतीने मुकाट गेले होते. मग चहा झाला, चिवडा झाला, म्हशीच्या खोडी सांगून झाल्या, माझ्याही झाल्या.

अण्णा हात जोडून उभे राहिले. पाहुणे अंगावरचा पाला झटकत उठले.

“उद्या चार माणसांत पोरगी मान खाली घालून बसली असती. मला काय कळलं असतं? आज बराबर कळली. पोरगी आम्हाला पसंत हाये.” मग त्यांनी अण्णांना जरा बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “एवढं एक सांगा. पोराचं हे घराण्यात चालत आलंय, का शिकल्यानं झालं?”

“शिकल्यानं,” अण्णा म्हणाले.

“मंग हरकत न्हाई.”

हवालदारांनीही चिवडा खाल्ला आणि मला नमस्कार करून गेले. लग्न थाटात झालं. सुनंदा हसनाबादला सुखात आहे.

मी पुढे जालन्यात वकिली सुरू केली, ती आजही चालू आहे. फौजदारी खटले पुष्कळ लढलो. पण माझ्या हातून आत गेलेला माणूस आजवर तो एकच, आणि दर दिवाळीला मी त्याच्या पाया पडतो.