दादाचा हूक

दादा गेला तेव्हा मी कॉलेजात होते. तो सकाळी बसने सिन्नरला कामावर गेला. दुपारी कारखान्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. वडील कोथिंबीर घेऊन पंचवटीच्या बाजारात गेले होते. आई घरी होती. दादाच्या खोलीत कम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर ट्रॉली उभी होती.

ती ट्रॉली त्याच्या गेममधली. मखमलाबादला आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा. दादानं डिप्लोमा केला, कारखान्यात लागला, आणि नव्वदचं दशक सरता सरता पगारातून एक जुना कम्प्युटर घरी आणला. त्याला एकच गेम करायचा होता. ट्रॅक्टरला कांद्याची ट्रॉली जोडायची, लासलगावच्या बाजार आवारात न्यायची, आणि गर्दीतून मागे घेत लिलावाच्या रांगेत सरळ लावायची. पुढे जाणं कुणालाही जमतं. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. ट्रॉली उजवीकडे वळायला हवी तर हात डावीकडे. आमच्याकडे पोरगा ट्रॅक्टर शिकला की नाही, ते यावरून ठरतं.

गेमला इंजिन लागतं, म्हणजे चित्र काढणारा, धक्का बसला की वस्तू हलवणारा, आवाज वाजवणारा आतला प्रोग्राम. दादा ते पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत होता. मी कम्प्युटर सायन्स शिकत होते. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक ओपन सोर्स इंजिन मिळालं. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते वाचावं, हवं तसं बदलावं. मी ती सीडी त्याच्यासमोर ठेवली.

"आयत्या बिळावर नागोबा," तो म्हणाला.

"आणि तू? बीळ खणता खणताच म्हातारा होशील. मग आत शिरणार कधी?"

"मास्तरीणबाई, दुसऱ्याच्या इंजिनात बिघाड झाला तर बॉनेट कोण उघडणार?"

"ते उघडंच आहे. म्हणून तर ओपन म्हणतात."

तो हसला आणि सीडीवर चहाचा कप ठेवला. पुढे बरेच दिवस ती त्याच कामाला होती.

लासलगावजवळचे आमचे मामा एकदा घरी आले, तेव्हा दादानं त्यांना ट्रॉली दाखवली. पुढे छान गेली. मागे घेतली तशी थरथरायला लागली आणि पडद्याबाहेर उडाली.

"पोचले कांदे ब्रह्मगिरीच्या डोंगरावर," मामा म्हणाले. "भाचे, तिथं भाव लय चांगला असंल."

दादाला ते लागलं. त्यानंतरचे कितीतरी रविवार तो मामांकडे जाऊन आला. परत यायचा तेव्हा शर्टाला ग्रीस लागलेलं असायचं. आणि एक दिवस पडद्यावरची ट्रॉली खरोखर मागे गेली, वळली, सरळ झाली. त्यानं मला बोलावून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली. मी ती फ्लॉपींवर घालून कॉलेजात नेली. तिथे पडदा काळा. दुसरीकडे नेली, तिथेही काळा. दादानं सगळं आपल्याच कम्प्युटरच्या मापानं लिहिलं होतं. "करतो दुरुस्त," तो म्हणाला. आवाज, नकाशा, लिलाव, सगळंच अजून करायचं होतं. त्यानंतर तो गेला.

मी त्याच्या खुर्चीत बसून ट्रॉली मागे घेत राहायची. दुसरं काही सुचत नव्हतं. लोडशेडिंगचे दिवस होते; वीज जाता-येता तो जुना कम्प्युटर अडखळू लागला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की आतला बोर्ड गेला तर तसा आता मिळायचा नाही. दादाच्या फायली मी उतरवून ठेवल्या होत्या, पण त्या चालणार कुठे? ज्या दिवशी हा कम्प्युटर थांबेल, त्या दिवशी दादानं केलेलं सगळंच थांबणार होतं.

त्याचं इंजिन पुरं करायचं तर काही वर्षं लागली असती, आणि मी दादा नव्हते. कपाखालची सीडी घ्यायची, तर त्याचं जवळजवळ सगळं लिहिलेलं टाकून द्यावं लागणार होतं. मला त्याचे कपडेही अजून कुणाला देववत नव्हते. झेंडूच्या फुलांचे क्रेट भरताना मी हे वडिलांना सांगितलं. त्यांना कम्प्युटरातलं काही कळत नव्हतं. त्यांनी हातातला क्रेट भरून बाजूला ठेवला.

"शेजारच्या बागेत द्राक्ष कशावर आहे?" त्यांनी विचारलं.

"जंगली खुंटावर. वर कलम."

"मग घड कुणाचा म्हणतात? खुंटाचा?"

मी सीडी पुसून घेतली.

नवं इंजिन घरच्या कम्प्युटरवर चाललं, आमच्या कॉलेजात चाललं, सायबर कॅफेत चाललं. दादानं ज्यासाठी महिने घातले असते ते सगळं त्यात तयार होतं. फक्त ट्रॉली मागे घेतली की उडत होती. इंजिन करणाऱ्या मंडळींना मी ईमेलनं विचारलं. एकानं सरळ लिहिलं, ट्रेलर मागे घ्यायची गरज कुणाला पडते?

मग मी दादाच्या फायलींतून हुकाचा भाग काढून नव्या इंजिनात घातला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथे जोडतात तो लोखंडी हूक, त्यातली पिन. दादानं हूक आणि पिन ही दोन टोकं नेमकी जुळवलीच नव्हती. मधे थोडी जागा सोडली होती. मला वाटलं, अर्धवट राहिलं. मी टोकं नीट जुळवली. ट्रॉली पुन्हा ब्रह्मगिरीवर.

मी मामांकडे गेले. त्यांनी मला ट्रॅक्टरमागे नेलं आणि पिन धरून हलवली. ती खडखड वाजली.

"गच्च बसवली तर पाण्याच्या पहिल्याच चारीत ट्रॉलीची दांडी मोडंल," ते म्हणाले. "तुझा दादा हितंच आडवा पडून ही हलवत बसायचा. मी म्हणायचो, पोराला येड लागलं."

मी घरी येऊन ती जागा पुन्हा सोडली. ट्रॉली थोडी डगमगली, मग मागे गेली, वळली, सरळ झाली. मी आईला हाक मारली. तिनं दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "त्याच्यासारखीच चालतीये."

गेम पुरा झाल्यावर मी त्याची सीडी करून लासलगावला गेले. बाजार आवाराजवळ एक सायबर कॅफे होता, आणि लिलावाला वेळ होता. मामांनी नंबर लागायची वाट बघणारे ट्रॅक्टरवाले आत ओढून आणले. पहिल्याला मी एवढंच सांगितलं की ट्रॉली उजव्या रांगेत लावायची. त्याचं बोट न विचारता कीबोर्डवरच्या डाव्या बाणावर गेलं आणि ट्रॉली उजवीकडे वळली.

"आयला, बरोबर हाय की!"

"गेटला घासली रं!"

"तुझी खरी तरी कधी न घासता लागली व्हय?"

खुर्चीमागे ही गर्दी झाली. कॅफेवाला ओरडून थकला आणि मग तोही बघत उभा राहिला. शेवटी मामा बसले. त्यांनी एका दमात ट्रॉली मागे घेऊन दोन ट्रॉल्यांच्या मधे सरळ लावली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "भाच्याचा माल हाय. बोला, बोली बोला!" आणि ते सगळे खरोखर बोली लावू लागले. एकावर एक भाव चढत गेला, कुणी थांबेना. मी हसत होते आणि रडत होते. मामाही.

पुढे मी तो हूक इंजिन करणाऱ्यांकडे पाठवला. वर लिहिलं, हे काम माझ्या भावाचं आहे, पिन गच्च करू नये. त्यांनी तपासलं, प्रश्न विचारले आणि इंजिनात घेतलं. माझी ओळही तशीच ठेवली. नंतर कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाचं पत्र आलं. त्याच्या गेममधला लाकडं वाहणारा ट्रक आता मागे जाऊ लागला होता.

आता मी शिकवते. गेम करू पाहणारी मुलं विचारतात, इंजिन स्वतः लिहू की उघडं मिळतंय ते घेऊ? मी म्हणते, घ्या. तुमच्या गावचं जे त्यात नाही तेवढं स्वतः करा, आणि झालं की परत द्या. दादानं स्वतःचं लिहायला घेतलं नसतं तर हूक सापडला नसता, हेही सांगते. तो वाद त्याच्याशी अजून मिटलेला नाही.

त्याचा कम्प्युटर बंद पडला. त्याचं इंजिन आता कुठेच चालत नाही. हूक चालतो.