आमच्या नाटक मंडळातली पोटदुखी

नाटक मंडळात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. नाटकं पडतात, नट संसाराला लागतात, पडदे उंदीर खातात. किस्से मात्र शिल्लक! डोंबिवलीच्या आमच्या हौशी मंडळाचंही तसंच. फरक एवढाच, की आमच्याकडचे निम्मे किस्से माझ्या पोटामुळे घडलेत.

आमचे दिग्दर्शक नाना. दिवसा कल्याणला सरकारी नोकरी, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आमच्यावर हुकूमशाही. तालीम चुकवायला त्यांना एकच कारण मान्य होतं, स्वतःचा मृत्यू!

एकदा पाळीच्या दिवसांत मी विंगेत गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून, गुडघे छातीशी घेऊन पडलेले. नाना आले, वाकून बघितलं. मला वाटलं, आता घरी जा म्हणतील.

"वैशाली, हलू नकोस! ही पोझ दुसऱ्या अंकात घेऊ या!"

आणि घेतलीसुद्धा.

*

मंडळात सगळेच डॉक्टर. लाइटवाले शिंदे म्हणाले, "गॅसेस." माझी मैत्रीण मीनल, आमच्या नाटकातली माझी जाऊ, म्हणाली, "अगं, वडापाव बंद कर आधी." खरे डॉक्टर, म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर, म्हणाले, "पहिलं मूल झालं की थांबेल."

"डॉक्टर, मूल होत नाहीये, ते पण विचारायचं होतं."

"ते टेन्शनमुळे. पोटदुखीचं टेन्शन घेऊ नका!"

मग मी टेन्शन घेणं बंद केलं. पोटाला हे कुणी कळवलं नसावं.

*

ठाण्याला स्पर्धा होती. माझी भूमिका विष घेऊन मरणाऱ्या सुनेची, आणि तारीख नेमकी पाळीच्या दुसऱ्या दिवशीची. विषाच्या प्रसंगात खरीच कळ आली, कमरेतून थेट मांडीत उतरली. मी ठरलेल्या जागेच्या बरीच अलीकडे कोसळले आणि ओरडले ती अगदी मनापासून.

निकालानंतर परीक्षकांनी प्रेमाने समजावलं, "काम छान. फक्त वेदना जरा अति झाली. खऱ्या दुखण्यात माणूस असा ओरडत नाही!"

बक्षीस खडवलीच्या ग्रुपमधल्या मुलीला मिळालं. त्यांच्या नाटकात ती टायफॉइडने, कुणाला त्रास न देता मेली होती.

*

मग सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल. नानांनी तालमीत पेढे वाटले!

"बघ, काही नाहीये तुला!"

सगळ्यांनी खाल्ले. मीही खाल्ला, एका हाताने. दुसरा पोटावर होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, की मी खरंच नाटक करतेय की काय. दुखण्यापेक्षा ते वाईट होतं.

*

शेवटी मीनलच मला ओढत नौपाड्यातल्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी विचारलं, "किती दुखतं?" मी सवयीने हसले. "थोडंसं."

मीनलचा संयम सुटला. "थोडंसं? हिचं थोडंसं म्हणजे काय, दाखवते!" असं म्हणून तिने केबिनमध्येच मी विंगेत कशी पडते, ओठ कसे चावते, भिंत धरून बाथरूमला कशी जाते, सगळं करून दाखवलं. इतकं जिवंत काम तिने स्टेजवर कधी केलं नव्हतं.

डॉक्टरबाई उठल्या, मीनलला धरून म्हणाल्या, "तुम्ही आधी टेबलावर झोपा!"

"मी नाही हो, ही!"

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. मग आजवर कुणी न विचारलेले प्रश्न त्या एकेक करून विचारत गेल्या. साध्या सोनोग्राफीत हा आजार दिसतोच असं नाही, हेही सांगितलं. पुढे एमआरआय झाला, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि माझ्या पोटदुखीला नाव मिळालं. एंडोमेट्रिओसिस. एवढ्या मोठ्या आजाराचं नाव ऐकून कुणाला आनंद होतो का? मला झाला. मी रडले.

*

ऑपरेशननंतर महिन्याभराने मी तालीम बघायला गेले. नानांनी स्वतः खुर्ची दिली, हीच बातमी होती. सगळे भोवती बसले आणि मी सांगायला लागले, की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, भलत्याच जागी वाढतो, आणि पाळी आली की तिथेही दुखतं. शिंदे मान डोलवत होते. नाना मात्र प्रश्न विचारायला लागले, तेही हळू आवाजात. नानांना हळू आवाज आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"संडासला जाताना पण दुखतं?"

"त्या दिवसांत, हो."

"कंबर धरून बसावं लागतं?"

"हो."

"आणि ते... नवरा-बायको..." नाना अडखळले.

"तेव्हाही दुखतं, नाना."

नाना उठले. तालीम तशीच टाकून व्हरांड्यात गेले आणि घरी बायकोला फोन लावला. हॉलमध्ये सगळं ऐकू येत होतं.

"सुनंदा, पडून आहेस का? ... नाही, नाही, उठू नको. जेवायचं मी येताना आणतो ... अगं, काही झालं नाहीये मला. एक विचारायचं होतं ... तुला नेमकं कुठे दुखतं गं?"